डोळे तपासले, कानांचे काय?



आपल्या शाळेत दरवर्षी पावसाळ्यात नेत्रतपासणी शिबिर होते. भिंतीवर अक्षरांचा तक्ता लागतो, मुले एक डोळा हाताने झाकून रांगेत उभी राहतात, पुढच्याने काय वाचले ते मागचा पाठ करून ठेवतो, आणि पंधरा दिवसांत प्रत्येक वर्गात दोन-चार नवे चष्मे दिसू लागतात. आमच्या लहानपणी चष्मा लागला की "बॅटरी" म्हणून चिडवत. आता कोणी मान वर करूनही पाहत नाही. हा बदल चांगला आहे आणि तो शाळांमुळे झाला, असे आम्हांस वाटते.

याच शिबिरात मुलांचे आरोग्यकार्ड भरले जाते. त्यात उंची, वजन, दात, डोळे यांच्या खाली "कान" अशीही एक चौकट असते. यंदा आम्ही मागच्या काही वर्षांची कार्डे काढून पाहिली. त्या चौकटीत जवळजवळ सगळीकडे एकच शब्द होता : "ठीक". डॉक्टरांनी टॉर्चने कानात डोकावून तो लिहिलेला असतो. टॉर्चने मळ दिसतो, कान वाहत असेल तर दिसतो. त्या मुलाला ऐकू किती येते, हे मात्र टॉर्चने दिसत नाही. म्हणजे आपण इतकी वर्षे कान पाहिले, ऐकणे कधी तपासलेच नाही.

हे आम्ही कोणाकडे बोट दाखवून लिहीत नाही. चूक आमची आहे आणि ती कशी झाली ते सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता. हसरा, चित्रे उत्तम काढणारा, पण श्रुतलेखनात हमखास मार खाणारा. बाईंनी "साठ" सांगितले की हा "आठ" लिही. "थाळी"ची "टाळी" होई. मग गणितही चुके, कारण उदाहरणच चुकीचे उतरवलेले. बाई आमच्याकडे घेऊन आल्या. आमच्याकडे उत्तर तयार होते. इंदुरातल्या आपल्या सगळ्या मुलांचे असेच असते : घरी आजी मराठी बोलते, गल्लीत हिंदी, वर्गात पुस्तकातली मराठी आणि मधूनमधून इंग्रजी. मूल गोंधळणारच. आम्ही स्वतः हिंदी माध्यमातून शिकलेले. "ळ" आमच्या जिभेवर उशिरा बसला आणि "न" की "ण" याबाबत आजही लिहिताना हात थबकतो. त्यामुळे अशा मुलांबद्दल आम्हांला थोडी जास्तच सहानुभूती. "भाषेचा घोळ आहे, होईल हळूहळू" असे सांगून आम्ही त्याला शुद्धलेखनाचा जादा तास लावून दिला.

दोन वर्षे तो जादा तास चालला. पाचवीत रजेच्या काळात एक तरुण बदली शिक्षिका आल्या. त्यांना रांगांमधून फिरत श्रुतलेखन सांगायची सवय होती. त्यांच्या लक्षात आले, की समोर उभे राहून सांगितलेले शब्द हा मुलगा बरोबर लिहितो आणि पाठीमागून सांगितलेले चुकवतो. तो ऐकत नव्हता, ओठ वाचत होता! त्या आम्हांला येऊन म्हणाल्या, "सर, साठ हिंदीतही साठच ना?" हो. साठ हिंदीतही साठ, मराठीतही साठ, आठचेही तेच. भाषेचा घोळ असता तर निदान हा शब्द तरी चुकला नसता. इतकी साधी गोष्ट आम्हांला दोन वर्षे सुचली नव्हती.

तपासणीत निघाले, की त्याला दोन्ही कानांनी जाड, खर्जातले आवाज चांगले ऐकू येतात आणि बारीक, वरच्या पट्टीतले आवाज फार कमी. ऑडिओलॉजिस्टनी ऑडिओग्राम म्हणजे ऐकण्याचा आलेख समोर ठेवून समजावले, तेव्हा आम्हांला पहिल्यांदा कळले की आपल्या बोलण्यात आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत आणि जोरकस असतात, तर स, श, फ, थ हे वर्ण वरच्या पट्टीत आणि क्षीण असतात. स्वरांमुळे आवाज "येतो", व्यंजनांमुळे शब्द "कळतो". अशा मुलाला हाक मारली की तो वळून बघतो, मागे थाळी वाजवली की दचकतो, म्हणून घरचे निर्धास्त असतात. त्याला "साठ"मधला "आठ" तेवढा ऐकू येत असतो. तो खोटे लिहीत नव्हता. जेवढे ऐकले तेवढे लिहीत होता.

आता त्याच्या दोन्ही कानांत यंत्रे आहेत आणि तो पुढे शिकतो आहे. पण ती दोन वर्षे परत येत नाहीत. म्हणून हा लेख.

आपली भाषाच पाहा. न ऐकणे हा आपण नेहमी मनाचा दोष मानला. कानाडोळा करणे, कानावर हात ठेवणे, एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून देणे. आणि त्यावरचे उपायही ठरलेले : कान पिळणे, कान उपटणे. जुन्या शाळांत त्याच्याही पुढची पायरी म्हणजे कानशिलात भडकावणे. अशा एका फटक्याने कानाचा पडदा फाटू शकतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला बंदी केली हे ठीकच, पण कायदा नसता तरी ऐकू न येणाऱ्या मुलाला न ऐकल्याबद्दल मारणे म्हणजे काय, याचा विचार आमच्या पिढीच्या मास्तरांनी एकदा स्वतःशी करायला हवा. आम्ही केला आहे. झोप उडते.

पालकांना प्रथम हे सांगितले पाहिजे, की शाळेच्या वयात ऐकणे कमी होण्याचे फार नेहमीचे कारण अगदी साधे आणि बरे होणारे असते. कानाच्या पडद्यामागे एक छोटी पोकळी आहे आणि तिथून घशाकडे एक नळी जाते. लहान मुलांत ही नळी आखूड आणि आडवी असते. सर्दी-पडसे झाले, टॉन्सिल्सजवळची ॲडिनॉइड्स वाढली, की नळी बंद होते आणि पडद्यामागे पाणी साचते. कधी ते डिंकासारखे घट्ट होते. दुखत नाही, वाहत नाही, म्हणून घरात कोणाला पत्ता लागत नाही. कानात बोटे घालून बसावे तसे त्या मुलाचे होते. शिवाय हे पाणी येते-जाते. सोमवारी नीट ऐकणारे मूल गुरुवारी ऐकत नाही, म्हणून शिक्षकाला तो खोडसाळपणा वाटतो. बहुतेकांचे पाणी आपोआप ओसरते, काहींना औषध किंवा पडद्यात बारीक नळी बसवण्याची छोटी शस्त्रक्रिया लागते. पण आधी कळायला तर हवे!

घरगुती उपायांविषयीही थोडे बोलतो, आजीमंडळींची क्षमा मागून. दुखऱ्या कानात लसणीचे कोमट तेल घालण्याची पद्धत आपल्याकडे घरोघर आहे. पडद्याला भोक असेल तर हे तेल आत जाते आणि रोग वाढवते. वाहणारा कान कोरडा ठेवावा आणि डॉक्टरांना दाखवावा, एवढेच करायचे. हेअरपिन, आगकाडी, स्कूटरची किल्ली (होय, हेही पाहिले आहे) कानात घालू नये. कान आपला मळ आपण बाहेर ढकलतो. रस्त्यावर बसणाऱ्या कान साफ करणाऱ्यांकडे तर मुळीच जाऊ नये.

जन्मतःच कमी ऐकणाऱ्या बाळांची गोष्ट वेगळी आणि जास्त घाईची आहे. १९७८ साली इंग्लंडमध्ये डेव्हिड केम्प यांनी दाखवून दिले, की निरोगी कान आवाज नुसता घेत नाही, त्याच्या उत्तरादाखल स्वतःही अतिशय सूक्ष्म आवाज बाहेर टाकतो. यावरून नवजात बाळाची तपासणी निघाली. झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ बोंडासारखा तुकडा ठेवायचा, काही मिनिटांत यंत्र सांगते की कानाने उत्तर दिले की नाही. जगभर मानला जाणारा हिशेब असा : पहिल्या महिन्यात ही चाचणी, तीन महिन्यांपर्यंत निदान, सहा महिन्यांपर्यंत उपचार सुरू. सहा महिन्यांच्या आत निदान झालेल्या मुलांची भाषा पुढे स्पष्टपणे चांगली राहते, हे १९९८ साली अमेरिकेतील क्रिस्टीन योशिनागा-इटानो यांच्या अभ्यासाने दाखवले. आपल्या देशात केरळातील कोची शहराने २००३ पासून खासगी रुग्णालये एकत्र करून एकच तपासनीस फिरवत ठेवण्याची युक्ती काढली. केंद्राचा बहिरेपणा प्रतिबंध कार्यक्रम २००६-०७ मध्ये सुरू झाला आणि मुलांच्या आरोग्यतपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून. जन्मजात बहिरेपणा या कार्यक्रमाच्या यादीत आहे. तरीही आपल्यापैकी किती पालकांच्या बाळाची ही चाचणी प्रसूतिगृहात झाली होती? मागील पालकसभेत आम्ही हा प्रश्न विचारला तेव्हा सभागृहात फारच थोडे हात वर झाले. पालकहो, घरात नवे बाळ येणार असेल तर ही चाचणी आपण होऊन मागा.

जाता जाता एक अवघड विषय. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आपल्या काही घराण्यांत अजून कौतुकाची मानली जाते. जन्मजात बहिरेपणाचे पुष्कळ प्रकार असे आहेत, की आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच मूल बहिरे होते. नात्यातल्या लग्नात दोघांकडे तेच जनुक असण्याचा संभव वाढतो. लग्ने जुळवणाऱ्या वडीलधाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे. दुसरे, गरोदरपणात रुबेला झाल्यास बाळ बहिरे जन्मू शकते. त्याविरुद्धची गोवर-रुबेला लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने मोहीम काढून देण्यात आली. त्या मोहिमेच्या वेळी संमतिपत्रावर सही न करणारे पालक आमच्याही शाळेत होते. समजूत घालण्यात आमचे दोन आठवडे गेले आणि ते आम्ही सत्कारणी लागले असे धरतो.

कॉक्लिअर इम्प्लांटबद्दल पालक सर्वांत जास्त विचारतात. मेलबर्नमध्ये ग्रॅम क्लार्क यांनी १९७८ साली अनेक विद्युत्-अग्रे असलेले इम्प्लांट बसवले. बाहेरचे यंत्र आवाज पकडते आणि आतील बारीक तार श्रवणाच्या नसेला थेट विजेचे संकेत देते. ज्यांना श्रवणयंत्राचा काहीच उपयोग होत नाही अशा मुलांना यामुळे बोलता-ऐकता येऊ लागले, ही गेल्या अर्धशतकातील फार मोठी गोष्ट आहे. लहान मुलांसाठी केंद्राच्या "एडिप" योजनेतून मदत मिळते; मुंबईची अली यावर जंग संस्था, जी १९८३ साली स्थापन झाली, ती हे काम पाहते. परंतु वर्तमानपत्रात ऑपरेशननंतर "मूल ऐकू लागले" असे छापून येते ते अर्धेच खरे असते. ऑपरेशननंतर यंत्र चालू होते, ऐकणे तर शिकावे लागते. आठवड्यातून अनेक तास, काही वर्षे. बाहेरच्या यंत्राच्या बॅटऱ्या, तारा, दुरुस्ती यांचा खर्च चालूच राहतो. ऑपरेशनला देणगी देणारे पुष्कळ भेटतात, चौथ्या वर्षीच्या तुटलेल्या तारेला कोणी देत नाही. आमच्या विश्वस्तांपैकी जे सढळ हाताने देतात त्यांना ही विनंती : द्यायचेच तर तारेला द्या.

इथे आपल्या समाजाचा म्हणून एक प्रश्न येतो. अशा मुलाशी घरात एकच भाषा बोला, असा सल्ला पूर्वी सर्रास दिला जाई. आपल्याकडे ती एक भाषा अर्थातच हिंदी ठरे, कारण शाळा-दुकान-दवाखाना सगळे हिंदीत. आमच्या माहितीतील एका घरात या सल्ल्यामुळे आजीने नातवाशी मराठी बोलणे बंद केले. आजीला हिंदी धड येत नव्हते, म्हणजे प्रत्यक्षात आजीने बोलणेच बंद केले. दिवसभर ज्या माणसाजवळ मूल राहते तेच गप्प झाले तर मूल ऐकायला शिकणार कोणाकडून? आज जाणकार असा सरसकट सल्ला देत नाहीत. इम्प्लांट झालेली मुले दोन भाषा शिकल्याचे अनुभव आणि अभ्यास आता पुष्कळ आहेत. जी भाषा घरच्यांना मनापासून, भरभरून बोलता येते ती आधी, आणि दुसरी तिच्या जोडीने. आम्ही तर म्हणू, आजीला बोलू द्या.

आणि बोलणे हाच एक मार्ग आहे असेही नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये पाकिस्तानातून भारतात परतलेली गीता आपल्याच शहरातील एका संस्थेत राहिली होती, हे इंदूरकरांना आठवत असेल. ती कुठली, कोणाची, हे वर्षानुवर्षे कळेना. अनेक राज्यांतली कुटुंबे येऊन गेली. २०२१ साली तिची आई मराठवाड्यात सापडल्याच्या बातम्या आल्या. लहानपणी तिला ना लिहिता येत होते, ना शिकवलेली खूणभाषा हाताशी होती, म्हणून आपल्या गावाचे नावही सांगता आले नाही. ऐकू न येणे हे एक झाले. कोणतीच भाषा न मिळणे हे त्याहून फार वाईट. भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत २०१५ साली स्वतंत्र केंद्र निघाले आणि पुढे तिचा शब्दकोशही तयार झाला. ज्या मुलांना यंत्राचा लाभ होत नाही त्यांच्या पालकांनी खुणांची लाज बाळगू नये. आपल्या मुलांनाही त्यातल्या पाच-पन्नास खुणा शिकवाव्यात असा आमचा विचार आहे. मधल्या सुट्टीत मागच्या बाकावरून गप्पा मारायला त्या फार सोयीच्या पडतील हे विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको.

लाजेचा विषय निघालाच आहे. आमच्याकडे एक आई आल्या आणि म्हणाल्या, "मशीन घालून पाठवते, पण वेणी कानावरून घालायची परवानगी द्या. मुलगी मोठी होते आहे, उद्या स्थळे बघायची आहेत." मुलगी तेव्हा सातवीत होती. आम्हांला राग आला, मग वाईट वाटले. कारण त्या आई निराळे काही करत नव्हत्या. आपल्या नाटकांत, स्नेहसंमेलनाच्या फार्सांत हशा हवा असला की एक बहिरे काका आणतातच; एक विचारतो "कुठे निघालात", ते सांगतात "वांगी चार किलो". आमच्या शाळेच्या मंचावर असे किती काका येऊन गेले याची मोजदाद नाही. यंदापासून ते येणार नाहीत. वेणीची परवानगी आम्ही दिली नाही, पण त्या मुलीला प्रार्थनेनंतर सुविचार वाचायला लावला नाही किंवा तिचे जाहीर कौतुकही केले नाही. चष्मा लावलेल्या मुलाचे कोणी कौतुक करते का?

यंत्र लावले म्हणजे झाले, असेही समजू नये. चष्म्याने नजर जवळजवळ पूर्ववत होते, श्रवणयंत्राने तसे होत नाही. ते शिक्षकांचा आवाज वाढवते तसा पंख्याचा, बाक सरकवल्याचा आणि शेजारच्याच्या कुजबुजीचाही वाढवते. चांगली डिजिटल यंत्रे हा गोंगाट बराच गाळतात, तरी अंतर वाढले की त्यांचेही चालत नाही. म्हणून शिक्षकांच्या गळ्यात अडकवायचा छोटा माइक मिळतो. त्यातून आवाज थेट मुलाच्या यंत्रात जातो. पण मुळात वर्गच शांत हवा. लहान मुलांना नीट समजण्यासाठी शिक्षकांचा आवाज गोंगाटापेक्षा सुमारे १५ डेसिबलने वर हवा असे मानतात. अमेरिकेच्या २००२ सालच्या मानकानुसार रिकाम्या वर्गातला गोंगाट ३५ डेसिबलच्या आत आणि आवाजाचा घुमारा ०.६ सेकंदाच्या आत असावा. आपली इमारत जुनी, छत उंच, खाली फरशी, भिंती गुळगुळीत, आणि खिडकीबाहेर रिक्षा. टाळी वाजवली की ती आपल्याकडे परत येते. पूर्वजांनी इमारत हवेशीर बांधली, त्या काळी रस्त्यावर टांगे होते. त्यांना दोष नाही.

याला फार पैसा लागत नाही, हे आम्ही दोन वर्गांत करून पाहिले आहे. मागच्या भिंतीवर कापडी फलक, रस्त्याकडच्या खिडक्यांना जाड पडदे, बाकांच्या पायांना रबरी टोप्या. रबरी टोप्या मुलांनी पहिल्याच आठवड्यात काढून खिशात घातल्या, त्या पुन्हा बसवाव्या लागल्या. पण त्या वर्गांतल्या बाईंचा घसा संध्याकाळी बसत नाही, असे त्या स्वतः सांगतात. म्हणजे लाभ सर्वांचाच आहे.

आता मोठ्या विद्यार्थ्यांसाठी. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात सुमारे दीडशे कोटी लोकांना कमी-अधिक प्रमाणात कमी ऐकू येते, आणि शंभर कोटींहून अधिक तरुण मोठ्या आवाजात ऐकण्याच्या सवयीमुळे धोक्यात आहेत. याच संघटनेचा सुरक्षित ऐकण्याचा हिशेब असा : मोठ्यांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास, मुलांसाठी ७५ डेसिबल, तेवढेच तास. आवाज दर ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा करायचा. ८३ ला वीस तास, ८६ ला दहा. गणिताच्या तासाला हे उदाहरण पुढे न्या : १०० डेसिबलला मोठ्या माणसाचा आठवडाभराचा कोटा वीस-पंचवीस मिनिटांत संपतो, मुलांचा त्याहून पुष्कळ लवकर. आतील कानातल्या ज्या केसासारख्या पेशी अशा आवाजाने मरतात त्या माणसात पुन्हा उगवत नाहीत. इअरफोन लावलेल्या मुलाचे गाणे शेजारी बसलेल्याला ऐकू येत असेल तर आवाज जास्त आहे, ही साधी खूण घरात वापरावी.

आणि ज्याविषयी लिहिल्यावर आम्हांला सर्वांत जास्त फोन येणार आहेत तो विषय : गणेशोत्सव. ढोल-ताशा आम्हांलाही प्रिय आहे. ताशा कडाडला की आमचेही पाय थांबत नाहीत. अनंत चतुर्दशीच्या झांक्या रात्रभर पाहणे हे इंदूरकराचे भाग्यच. पण मागच्या वर्षी मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे पहिलीतली आपली मुले बापाच्या खांद्यावर बसलेली आम्ही पाहिली, कान थेट भोंग्याच्या उंचीवर. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकांना बंदी आहे, शाळांभोवती किमान १०० मीटरचे शांतता क्षेत्र घोषित करण्याची आणि तिथे दिवसा ५० डेसिबलची मर्यादा ठेवण्याची तरतूद आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य प्रदेशच्या नव्या मुख्यमंत्र्यांनी पदभार घेताच पहिला आदेश ध्वनिक्षेपकांविषयीच काढला होता. नियम सांगण्याचा अधिकार मात्र आम्हांला तेव्हाच आहे जेव्हा आमचे स्नेहसंमेलन त्यात बसेल, आणि गेले स्नेहसंमेलन बसत नव्हते. पहिल्या रांगेत आम्ही विश्वस्तांच्या आई-वडिलांना बसवतो आणि त्यांच्यापुढे दोन हात अंतरावर स्पीकर ठेवतो! शाळेचे ढोल पथक राहील, पण वादकांच्या कानांत बोळे असतील आणि आठवीच्या खालची मुले ताशापासून दूर, लेझमीत.

नव्या शोधांच्या बातम्या वाचून काही पालक थांबून राहतात, तेही बरोबर नाही. २०२४ साली शांघाय आणि फिलाडेल्फिया येथून बातम्या आल्या, की एका विशिष्ट जनुकातील दोषामुळे बहिऱ्या जन्मलेल्या मुलांना जनुकोपचाराने ऐकू येऊ लागले. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण तो दोष जन्मजात बहिरेपणाच्या थोड्या मुलांतच असतो, आणि भाषा शिकण्याचे वय कोणत्याही शोधासाठी थांबत नाही. अमेरिकेत ऑक्टोबर २०२२ पासून मोठ्या माणसांसाठी दुकानातून सरळ श्रवणयंत्र विकत घेता येते. ते नियम अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठी आहेत, मुलांसाठी नाहीत. इकडे मुलांनाही टपालाने यंत्र मागवून देणारे पालक आम्ही पाहिले आहेत. मोजमाप न करता वाढवलेला आवाज उरलेले ऐकणेही घालवू शकतो. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या ऑडिओलॉजिस्टकडेच जावे. मोबाइलवरच्या चाचण्या शंका येण्यापुरत्या ठीक.

कायद्याचाही एक गुंता लक्षात आणून देतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत ६० डेसिबल किंवा त्याहून अधिक ऱ्हास असेल तरच "कमी ऐकू येणारा" धरतात. आमच्या त्या "साठ-आठ" वाल्या मुलाचा ऱ्हास यात बसत नव्हता. प्रमाणपत्र नाही, म्हणून सवलत नाही, परीक्षेत जादा वेळ नाही. एका कानाने ठार बहिरे असलेले मूलही यात बसत नाही. सरकार ज्यांना मोजत नाही त्यांना शाळेने मोजले पाहिजे, दुसरे कोण मोजणार?

मा. विश्वस्त मंडळींपुढे म्हणून आम्ही एक प्रस्ताव ठेवला आहे आणि तो सर्व पालकांना माहीत असावा म्हणून इथे लिहितो. येत्या सत्रापासून प्रवेशाच्या वेळी आणि पुढे तिसरी, सहावी, नववीत प्रत्येक मुलाचे ऐकणे ऑडिओमीटरवर तपासावे. ग्रंथालयामागची खोली शाळेत सर्वांत शांत आहे, ती यासाठी मोकळी करता येते. कानाला फोन लावून वेगवेगळ्या पट्टीचे बारीक आवाज सोडतात, ऐकू आला की मुलाने हात वर करायचा. एका मुलाला थोडीच मिनिटे लागतात. खर्चासाठी आम्ही सुचवले, की नव्या डिजिटल फळ्यांची मागणी एक वर्ष पुढे ढकलावी. बैठकीत एक आक्षेप असा आला की डिजिटल फळे पाहून प्रवेश वाढतात, कानांच्या तपासणीने कोण येणार? दुसरा असा, की दोष निघाला तर पालक शाळेवरच चिडतील. पहिल्याला आमच्याजवळ उत्तर नाही. कदाचित खरेच कोणी येणार नाही. दुसऱ्याला आहे. त्या मुलाचे वडील दोष निघाल्यावर चिडले होते हे खरे, पण दोष निघाला म्हणून नव्हे. त्यांनी आम्हांला एवढेच विचारले, "दोन वर्षं तो तुमच्यासमोर बसत होता ना?"

या अंकासोबत एक छापील पत्रक जोडले आहे. मूल दूरदर्शनचा आवाज वाढवते का, हाक मारल्यावर "काय?" असे वारंवार विचारते का, एकाच बाजूने ऐकायला मान वळवते का, कान कधी वाहिला आहे का, घरात कोणाला लहान वयात कमी ऐकू येऊ लागले का, असे काही प्रश्न त्यात आहेत. आजीला विचारून भरावे. आई-वडिलांपेक्षा तिला जास्त माहीत असते. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी ते वर्गशिक्षकांकडे द्यावे. कानाचे ऑपरेशन पूर्वी झाले असल्यास कागदपत्रांची झेरॉक्स जोडावी. कोणाचेही पत्रक वर्गात वाचून दाखवले जाणार नाही.